आक्काची लाल खुर्ची

आमच्या लिंबायतच्या गल्लीतली आक्का उभ्याने कधी तक्रार करायची नाही. रेशनचं दुकान असो की महापालिकेची कचेरी, समोरचा बसलेला असेल तर ती आधी स्वतःला खुर्ची मागायची, मगच तोंड उघडायची. "कुठली महाराणी लागून गेली," असं लोक म्हणायचे.

ही खोड तिला पोलीस चौकीत लागली. तिच्या पोराचा, गणेशचा, उजवा हात कापडाच्या कारखान्यात लूममध्ये गेला. यंत्राच्या पट्ट्यावरची, हात आत जाऊ नये म्हणून असलेली जाळी मालक शेठनेच काढून ठेवली होती, हे सगळ्या कारखान्याला माहीत होतं. मी आक्काला माझ्या रिक्षातून चौकीत नेलं, तर शेठ आधीच साहेबांसमोर चहा पीत बसलेला. पोरगा दारू प्यायला होता म्हणून तो सांगत होता आणि साहेब ते लिहून घेत होते. आक्का दाराशी उभी. तिला विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माले बी खुर्ची द्या, नही ते शेठले बी हुभा करा." साहेबांनी तिला बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी तिने घरातली लाल प्लास्टिकची खुर्ची रिक्षात घातली, चौकीत नेऊन मांडली आणि बसली. हाकललं की आम्ही घरी, सकाळी पुन्हा तेच. शेवटी वैतागून त्यांनी तिची फिर्याद लिहिली. कायद्यापुढे सगळे समान, असं शाळेत घोकून घेतलं होतं आमच्याकडून. डोंबलाचे समान! शेठ बोलला तर तो जबाब, आक्का बोलली तर ती कटकट.

कोर्टाच्या गेटवर खुर्ची अडवली. तरी आक्का आतून हसत बाहेर आली. "आज शेठ बी हुभा शे," म्हणाली. तेवढ्यावर खूश झाली बिचारी! पुढच्या तारखेला शेठने कंबरदुखीचा दाखला आणला आणि त्याला बसायला मिळालं. आक्काचे गुडघे केव्हाच कामातून गेले होते, पण दाखला आणायचं तिला कोण सांगणार? ती उभीच राहिली. ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

तारखा पडत राहिल्या आणि गेल्या उन्हाळ्यात आक्का गेली. गणेश एका हाताने चहाची लारी ढकलतो. शेठचा कारखाना जोरात चालू आहे.

खुर्ची माझ्याकडे आहे. तिचा एक पाय तडकलाय, त्याला तार गुंडाळलीय. सोमवारी पुन्हा तारीख आहे. गेटवर अडवतील, असं गणेश म्हणाला. मी म्हटलं, अडवू दे, गेटवरच मांडू. कोणी विचारलं कोणाची, तर सांगू, फिर्यादीची.