यशूचे अडतीस मार्क

हसायचं तेवढं पोटभर हसा, फक्त माझ्या बायकोसमोर हा विषय काढू नका. तिचं हसून अजून संपलेलं नाही. फजिती सगळ्यांचीच होते हो, पण रीतसर तीन दिवस खपून, रजा टाकून केलेली फजिती ऐकलीय कधी? मग ऐका.

आम्ही मानखुर्दहून वाकोल्याला राहायला आलो आणि लेकीची, यशोधराची, शाळा बदलायची वेळ आली. पाचवी संपत आलेली. घरापासून चालत दहा मिनिटांवर एक छान खाजगी शाळा, पण सहावीत घ्यायचं तर प्रवेश परीक्षा! बायको वैशाली नर्स, तिच्या ड्युट्या सारख्या बदलत्या. मी एक्स-रे टेक्निशियन, संध्याकाळी मोकळा. म्हणजे अभ्यास घेणार कोण? अस्मादिक!

आणि काय घेतला म्हणता! फ्रिजवर पाढे, बाथरूमच्या दारावर स्पेलिंग. दर रविवारी मी स्वतः शंभर मार्कांचा पेपर काढायचो. यशू बिचारी निमूट सोडवायची.

एवढा जीव का काढत होतो? मीही पाचवीत असताना अशीच एका मोठ्या शाळेची परीक्षा दिली होती. यादीत नाव नव्हतं. येताना वडिलांनी मला उसाचा रस पाजला, स्वतः नाही प्यायले. तो रस अजून घशाखाली उतरलेला नाही बघा.

तर यशूची परीक्षा झाली. मंगळवारी दुपारी मी कामावर असताना शाळेचा मेसेज आला. 'यशोधरा : प्रवेश परीक्षा : ३८. पालकांनी गुरुवारी दहा वाजता भेटावे.'

अडतीस! शंभरात अडतीस! अख्खा दिवस पेशंटना 'श्वास रोखून धरा' सांगणारा माणूस मी. त्या दिवशी माझाच रोखला गेला आणि 'सोडा' म्हणायला कोणी नव्हतं. वर भेटायला बोलावलंय. म्हणजे काय, तोंडावर नाही म्हणणार.

ठरवलं, पोरीला कळू द्यायचं नाही. वैशालीलाही नाही. तिच्या पोटात काही राहत नाही. घरी जाताना फालुदा घेतला. यशूला जवळ बसवलं आणि म्हटलं, "बेटा, आयुष्यात अपयश येतं. माणसाने खचायचं नसतं."

ती चमचा तोंडात धरून माझ्याकडे बघत राहिली. "हो पप्पा."

"एक दार बंद झालं की दुसरं उघडतं."

"हो पप्पा." मग हळूच माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू रडू नकोस हां."

बुधवारी दुपारी वैशालीचा वॉर्डातून फोन. "मिलिंद, तुझी नोकरी गेली आणि तू मला सांगत नाहीस?"

"कोणाची नोकरी?"

"यशूने सगळं सांगितलंय मला! काल फालुदा खाताना अपयश, बंद दार असं काय काय बोलत होतास, डोळे भरले होते म्हणे!"

"अगं, तसं काही नाही..."

"मग कसं आहे?"

आता काय सांगणार? खरं बोललो तर यशूला कळणार. मी आपला "घरी आलीस की बोलू" म्हणून फोन ठेवला. झालं, वाट लागली! 'घरी बोलू' म्हणजे गेलीच नोकरी!

संध्याकाळी दार वाजलं. दारात सासूबाई, थेट मानखुर्दहून. हातात सुक्या बोंबलाची पिशवी आणि डब्यात भाकऱ्या. आत येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवला. "जावई, मन लहान करू नका. नोकऱ्या काय, येतात जातात. हाडं मोडायची थांबलीत का लोकांची?"

"आई, नोकरी आहे माझी."

"असू दे, असू दे," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "आधी दोन घास खा."

खाल्ले. चार भाकऱ्या खाल्ल्या. दुःखात माणसाला भूक लागते हो!

वैशाली रात्री घरी आली तेव्हा मी झोपेचं सोंग घेऊन वाचलो. गुरुवारी तिची सकाळची ड्युटी. मी रजा टाकली. यशूला घेऊन निघालो, तर सासूबाईही निघाल्या. मला एकट्याला सोडायला तयारच नव्हत्या. शाळेत दोघी बाहेर बाकावर बसल्या आणि मी फाइल छातीशी धरून मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत शिरलो. फाइलीत यशूची चित्रं, निबंध, पोहण्याचं सर्टिफिकेट, सगळं.

बाई काही बोलायच्या आत मी सुरू झालो. "मॅडम, मार्क म्हणजेच सगळं नसतं! एका कागदावर लेकराची किंमत करायची का? ही पोरगी खालच्या आजींना रोज पेपर वाचून दाखवते. त्याचे मार्क कुठे धरले तुम्ही?" आणि बोलता बोलता मला रडूच फुटलं. उसाच्या रसाचंसुद्धा सांगून बसलो!

बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "पेपर किती मार्कांचा होता, विचारलं होतंत?"

"शंभर... ना?"

"चाळीस."

चाळीस! चाळिसात अडतीस! मी खुर्चीतून अर्धा उठलो. "म्हणजे पहिली आली?"

"आत्ताच म्हणालात ना, मार्कांना किंमत नसते?"

बसलो गप खाली.

बाई हसल्या. "परीक्षेतून आम्ही एवढंच बघतो, की मूल कुठे अडतंय. खरं कळतं ते त्याच्याशी दहा मिनिटं गप्पा मारल्यावर. तिला प्रवेश दिलाय. तुम्हाला बोलावलं ते वेगळ्या कारणासाठी. मी तिला विचारलं होतं, परीक्षेची भीती वाटली का? म्हणाली, 'मला नाही वाटत. माझ्या पप्पांना खूप वाटते. म्हणून मी रोज त्यांच्यासोबत अभ्यासाला बसते. एकटं बसायला त्यांना कसंतरी होतं.'"

मी ग्लासातलं पाणी संपवलं.

"मुलीची तयारी उत्तम आहे," बाई म्हणाल्या. "तुमची मात्र जरा कच्ची आहे. पेपर काढणं बंद करा."

बाहेर आलो. सासूबाईंनी माझा चेहरा बघून लगेच पदर डोळ्यांना लावला. यशू उठून जवळ आली.

"काय झालं पप्पा?"

"मिळाला प्रवेश."

"मग चांगलंय की. खूप घाबरला होतास?"

"छे!"

"थोडासा?"

"थोडासा."

"असू दे, होतं असं," ती म्हणाली. आणि शाळेसमोरचा तो रिक्षांनी भरलेला रस्ता माझ्या दहा वर्षांच्या लेकीने मला हात धरून पार करून दिला.