आरशातला हात

दर्यापूरच्या जीप स्टँडवर सत्तारभाईची गाडी विचारा. सांगणारा बोट दाखवेल आणि वर टोमणाही मारेल, "बसा लवकर. रस्त्यात हात करसान तं थांबत नाही, एक्सप्रेस हाये ते."

शेअर जीपचा धंदा चालतो तोच मुळी रस्त्यावरच्या हातावर. फाट्यावर कोणी हात केला की ड्रायव्हरचा पाय आपोआप ब्रेकवर जातो, बसवायचं कुठं याचा विचार नंतर. अब्दुल सत्तार मात्र स्टँडवर भरली तेवढी सवारी घेतो आणि थेट अमरावती गाठतो. उतरणाऱ्यासाठी थांबेल, चढणाऱ्यासाठी नाही. लोक म्हणतात, माजला आहे. लोकांचं काय जातं म्हणायला!

तरुणपणी तोही हात दिसला की थांबायचा. मग अकोल्याच्या एका एजंटनं त्याला कुवेतमध्ये गाडी चालवायची नोकरी दाखवली. तिथं पोचताच कंपनीनं सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करून कपाटात टाकले, आणि मग सांगितलं की टँकर घेऊन इराकमध्ये जायचं आहे. युद्ध नुकतंच होऊन गेलं होतं. नाही म्हणायची सोय नव्हती, कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात होती.

टँकरमध्ये असायचं डिझेल. ज्या मुलखात जमिनीखाली तेलच तेल, त्या मुलखात हे लोक बाहेरून डिझेल वाहायचे, ते परक्या फौजेच्या छावण्यांसाठी. आणि वाटेतल्या पंपांवर तिथलीच माणसं रिकाम्या कॅन घेऊन उन्हात उभी असायची.

सोबत बार्शीटाकळीचा शेषराव होता. एकदा टँकरच्या सावलीत चहा पिता पिता त्यानं विचारलं, "सत्तारभाई, लोक म्हनते हे फौज तेलासाठी आली. पन हे तं उलटं तेल घेऊन येऊन राहिले. मंग खोटंच असन ना ते?"

सत्तारचं टाळकं सटकलं. "जिनिंगवाला शेठ कापूस काय घरी नेऊन पांघरते का बे? त्याले वजनकाटा आपल्या अंगनात पाहिजे. कापूस कोनाचा का असेना. कोनाचा आधी मोजाचा, कोनाले ताटकळत ठेवाचं, हे त्यानं ठरवाचं."

शेषराव सहजासहजी ऐकणारा नव्हता. टँकर दुरुस्त करणाऱ्या इराकी मेकॅनिकच्या भावाला जुन्या हुकूमशहाच्या माणसांनी उचलून नेलं होतं, तो परत आलाच नाही, याची त्यानं आठवण करून दिली. तेही खरं होतं. सत्तारनं ते नाकारलं नाही. त्यानं एवढंच विचारलं, की गावातल्या गुंडाला मारायला बाहेरून कोणी आलं आणि मग आपल्याच विहिरीवर पहारा लावून बसलं, तर त्याला काय म्हणायचं? टीव्हीवर टाय लावून बसणारे याचं उत्तर देत नाहीत. शेषरावनं निदान मान तरी खाली घातली.

टँकरच्या ताफ्यात नियम एकच. थांबायचं नाही. समोर काहीही येवो, थांबायचं नाही.

एके दुपारी रस्त्याच्या कडेला एक म्हातारा उभा होता. एका हातात कॅन, दुसरा हात वर. अगदी आपल्याकडे फाट्यावर करतात तसा, पंजा सैल सोडून. सत्तारचा पाय ब्रेकवर गेला. तो फौजेच्या ताफ्यात आहे हे पायाला कुठं ठाऊक होतं! तो दर्यापूरचा पाय होता. टँकर थांबला, मागचेही करकचून थांबले. गाडी आपल्यासाठीच थांबली असं समजून म्हातारा दोन पावलं पुढं आला आणि कॅन उचलून दाखवू लागला. मागच्या फौजी गाडीतून गोळी आली.

कोणी तरी दारावर बुक्क्या मारत ओरडलं, चल, चल. सत्तारनं गाडी काढली. आरशात म्हातारा रस्त्यावर पडलेला दिसला. कॅन लांबपर्यंत गडगडत गेली. रिकामीच होती ती.

नियम मोडला म्हणून मॅनेजरनं त्याची सुट्टी रद्द केली. करार पुरा होईपर्यंत पासपोर्ट मिळणार नाही, असं ठणकावलं. तोवर सत्तार त्याच रस्त्यानं, त्याच जागेवरून टँकर नेत राहिला. उतरावं तर वाळवंट, पळावं तर कागद नाही.

घरी आल्यावर हे सगळं त्यानं बायकोला, बिल्कीसला, एकदाच सांगितलं. मुलगा सरफराज तेव्हा पाळण्यात होता.

आता तोच सरफराज आखातात टँकर चालवायला निघाला होता. टीव्हीवर आखात पुन्हा पेटलेलं, आणि याच्या हातात व्हिसा. सत्तारनं चिडून पाहिलं, समजावून पाहिलं. पोरगं म्हणायचं, तो देश वेगळा आहे, इथं राहून काय ई-रिक्षाच हाकू? मग बिल्कीसनं डोकं लढवलं. तिनं पोराकडून शपथ घेतली, की जाशील तर अब्बाच्याच गाडीत बसून घर सोडशील. नवरा नेणार नाही, ही तिची खात्री.

निघायच्या दिवशी सत्तारनं रांगेत नंबर नसताना दुसऱ्याच्या हातापाया पडून पहिली फेरी मागून घेतली. सरफराज स्टँडवर यायच्या आत गाडी भरून निघाली.

आणि बापाचा डाव ओळखून गावाबाहेरच्या फाट्यावर तो उभा. पायाशी बॅग, हात वर, पंजा सैल.

सत्तारनं ॲक्सिलरेटर दाबला. गाडी पोराला ओलांडून गेली. मागं बसलेल्या माणिकबाई म्हणाल्या, "अवो, तुमचाच पोरगा होता नं थो?" त्यानं नको तेच केलं, आरशात पाहिलं. सरफराज रस्त्याच्या मधोमध आला होता आणि त्याचा हात अजून खाली आला नव्हता.

पाय ब्रेकवर गेला.

पोरगा धावत आला. बॅग टपावर गेली, तो बापाशेजारी बसला. अमरावती आली. स्टेशनसमोर सत्तारनंच बॅग खाली काढली. घरात ते उर्दूत बोलायचे, पण जीव घुसमटला की सत्तारच्या तोंडून वऱ्हाडीच यायची.

"पासपोर्ट कोनाच्या हाती देऊ नोको."

सरफराजनं बॅग खांद्यावर टाकली. "जमा कराच लागते, अब्बा. पहिल्याच दिवशी. तसं लिहूनच घेतलं त्यायनं."

सत्तारनं मान हलवली आणि गाडीत जाऊन बसला. दर्यापूरची सवारी भरत आली, तेव्हा त्यानं हात बाहेर काढून आरसा आतल्या बाजूला मुडपला. शेजारी बसलेल्यानं विचारलं, आता मागचं दिसन कसं चाचा? त्यानं किल्ली फिरवली. घरी बिल्कीस त्याच खात्रीनं दारात उभी असणार होती.