बटईतला अस्लम

अस्लम कोणाच्याही शेतातून जाताना वाकून दगड वेचायचा आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नेऊन टाकायचा. शेत त्याचं नसे, धुराही त्याचा नसे. मी एकदा म्हटलं, "अरे, ही फुकटची हमाली कशाला?" तर हसून म्हणाला, "सर, माहं कोणतंच नाही, मंग सगळेच माहे."

डोणगावजवळच्या आमच्या खेड्यात त्याच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान. मी गावच्या शाळेत शिक्षक, तो माझ्याच हाताखाली शिकलेला. बाकीची पोरं शेतीतून सुटायची स्वप्नं बघत आणि या पठ्ठ्याला शेतीच करायची होती. घरात गुंठाभर जमीन नाही! बारावी झाल्यावर त्यानं गावातल्याच बबनरावांचं शेत बटईनं धरलं. राबणं याचं, जमीन त्यांची, पीक अर्धं अर्धं. त्या मुरमाड तुकड्यावर त्यानं अशी मिरची आणली की रस्त्यानं जाणारे गाडी थांबवून बघत.

मग गावात तरुण शेतकऱ्यांच्या योजनांची बैठक झाली. ठिबक, फळबाग, शेडनेट, कृषी खात्याचे साहेब भराभर सांगत होते. अस्लम उठला. "साहेब, मी बटईनं करतो. मले काय भेटन?" सातबारा नावावर हवा, साहेब म्हणाले.

"मंग घेतो थोडी इकत."

त्यासाठीही आधी शेतकरी असल्याचा दाखला लागतो, म्हणाले.

"म्हंजे शेतकरी व्हायले पहिले शेतकरीच असा लागते का?"

सगळी बैठक खो खो हसली. शेवटी साहेबांनी एक वाट दाखवली. मालकानं बऱ्याच वर्षांचा लेखी करार करून दिला, तर काहीतरी बघता येईल.

बबनराव माणूस वाईट नव्हे. पण त्यांच्या वडिलांची जमीन पूर्वी कसणाऱ्या कुळाच्या नावावर गेली होती, ते भेव हाडात बसलेलं. "तुह्यावर इस्वास हाय बे, कागदावर नाही," ते म्हणाले. मालकाला खूश करावं म्हणून अस्लमनं त्यांना न सांगता धुऱ्याच्या कडेनं लिंबूची रोपं लावली, डोक्यावरून पाणी नेऊन जगवली. बटईदारानं दुसऱ्याच्या रानात झाड लावायचं नसतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शेतकऱ्याच्या घरात जन्मला असता, तर त्यालाही ठाऊक असतं.

आमच्याकडं बटया पाडव्याला ठरतात. त्या दिवशी बबनराव बांगड्यांच्या दुकानात आले. मी तिथंच बसलो होतो.

"अस्लम, यंदा शेत आम्हीच पेरतो."

"काऊन काका?"

"झाडं काऊन लावली बे? सोयाबीन निघून जाते. लिंबू बसून राह्यते."

"तुमच्याचसाठी लावली काका. अल्ला कसम."

बबनरावांचे डोळे भरून आले, पण ते बधले नाहीत. "हाव, असन. पण उपटून टाक."

त्यानं ती स्वतःच्या हातानं उपटली. मी धुऱ्यावर उभा होतो आणि राग कुणावर काढावा तेच कळत नव्हतं. साहेबांनी नियम सांगितला, बबनरावांनी जमीन राखली. कुणाचं काही चुकलं नव्हतं, आणि पोरगं मात्र संपलं होतं. आजही तो दिवस आठवला की माझं कशात लक्ष लागत नाही.

त्यानंतर त्याला कुणीच शेत दिलं नाही. दुसऱ्याच्या रानात झाडं लावणारा म्हणून त्याचं नाव झालं होतं. तो पुण्याकडं एका गोदामात लागला. ईदला गावी आला तेव्हा मी विचारलं, "नोकरी लगेच मिळाली का रे?"

"हाव सर. पहिले काय करत होता, इतकंच इचारलं."

"मग? काय सांगितलंस?"

"काहीच नाही करत होतो, म्हनलं."