वन्संचं डिवचणं

वन्सं गेल्या त्याला महिना होऊन गेला. आदल्या सकाळी चहाचा घोट घेऊन त्यांनी मला विचारलं होतं, "ह्यो चहा हाय का भांडं इसळलेलं पाणी?" मी चिडून दुसरा केला. तो अर्धा पिऊन त्या कुशीवर वळल्या… माझी ही थोरली नणंद तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परतली आणि जन्मभर आमच्याच घरात राहिली. त्यांचा स्वभाव एका शब्दात सांगायचा तर डिवचणं.

या शब्दाला आपल्याकडे बरा अर्थ नाही. माणसं नाग डिवचतात, मोहोळ डिवचतात आणि पळ काढतात. वन्सं डिवचून तिथंच बसून राहत.

निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष. माझे यजमान सरहद्दीपलीकडे स्वातंत्र्यसैनिकांच्या कॅम्पात होते आणि इकडे सेलूजवळच्या आमच्या गावात माझं पाच महिन्यांचं लेकरू तापानं गेलं. रझाकारांच्या भीतीनं त्यांना निरोपही धाडता आला नाही. मी रडले नाही. आधी बोलणं थांबलं, मग जेवण. सासूबाई नवस बोलत, शेजारणी हळू आवाजात समजूत घालत. माझ्यापर्यंत त्यातलं काही पोचत नव्हतं.

वन्संनी मला जात्यावर बसवलं. समोरासमोर बसून दोघींनी एकच खुंटा धरायचा. "ओढायलीस का नुस्ता हात ठिवायलीस? मानवतच्या बाया अशाच का गं?" रोज हेच. माझं मानवतचं माहेर, माझी आई, माझ्या भाकरी… काही म्हणून सोडलं नाही. सासूबाई म्हणत, "नको डिवचू गं तिला." मला तर वन्संचं तोंड पाहवत नव्हतं. एका सकाळी त्या म्हणाल्या, "लेकरू काय तुझ्या एकटीचंच गेलं?"

मी खुंटा सोडला. "माझ्या एकटीचंच गेलं. तुमाला काय कळायचं? तुमाला कुठं झालंय लेकरू?" पुढं तोंडाला येईल ते बोलत गेले आणि बोलता बोलता रडू फुटलं. वन्संनी पिठाचे हात पदराला पुसले. "हां… आता बोलायलीस," एवढंच म्हणाल्या. त्या दुपारी मी भाकरी खाल्ली.

आता घरात सगळे मला जपतात. मुलगा विचारतो, "आई, बरं वाटायलंय का?" मी हो म्हणते. काल भाजीत मीठ घालायचं विसरले, तर सगळे मुकाट्यानं जेवून उठले. वन्संसाठी मी अजून रडलेले नाही.