चाकाला कुलूप

गाडी आमच्या मुलाची. पुण्यात त्यानं नवी घेतली आणि ही जुनी सोलापुरात आमच्या दारात आणून लावली. चांगलं गिऱ्हाईक मिळालं की विकायची, तोवर इथं उभी राहील, असा त्याचा हिशेब. मी म्हटलं, "विकू नकोस, मी शिकते चालवायला." तो हसला. "आई, पन्नाशी उलटली तुझी." मी म्हटलं, "उलटली म्हणूनच म्हणते. आता नाही तर काय सरणावर चढून शिकू?" शेवटी तडजोड झाली. मी शिकायचं. हुरड्याच्या दिवसांपर्यंत गाडी आमच्याकडे राहील. तोवर काही भानगड झाली नाही तर गाडी माझी, झाली तर विकायची, आणि मग मी तोंड पाडून बसायचं नाही.

या बोलण्यात आमचे हे अजिबात पडले नाहीत. चहाचा कप खाली ठेवला आणि अंगणात जाऊन उभे राहिले.

ते का गेले ते मला कळत होतं. हे एसटीचे ड्रायव्हर. उभा जन्म सोलापूर-बार्शी रस्त्यावर गेला. निवृत्त झाल्यावर डोळ्यांत काचबिंदू निघाला. समोरचं नीट दिसतं, पण दोन्ही बाजूंचं हळूहळू मिटत गेलं. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. त्या दिवसापासून त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही आणि त्या विषयावर अक्षरही काढलं नाही. जो माणूस भाजीत मीठ कमी पडलं तर अर्धा तास बोलतो, तो यावर गप्प बसला. मला त्याचंच वाईट वाटायचं.

मी क्लास लावला, परवाना काढला, आणि सात रस्ता चौकापर्यंत, मग बाजारापर्यंत गाडी न्यायला लागले. हे माझ्याबरोबर एकदाही बसले नाहीत. मी निघाले की हे चाकांना लाथ मारून हवा बघायचे, मी परत आले की गाडीभोवती एक फेरी मारायचे. ओरखडा सापडला नाही की निराश झाल्यासारखे घरात जायचे.

आता त्या कुलपाचं सांगते. या गाडीची चाकं चकचकीत, पोरानं हौसेनं बसवलेली. पुण्यात अशी चाकं चोरीला जातात म्हणे. म्हणून त्यानं प्रत्येक चाकाच्या पाच बोल्टांपैकी एक बोल्ट कुलपाचा लावून घेतला होता. त्याचं डोकं गोल, साधा पाना त्यावर बसतच नाही. डोक्यावर फुलासारखी नक्षी कोरलेली, आणि तशीच उलटी नक्षी असलेली एक छोटी लोखंडी चावी. ती आधी बोल्टवर बसवायची, मग तिच्यावर पाना लावायचा. चावी हरवली तर चोराबरोबर मालकाचीही पंचाईत. "जिवापाड जपा," असं पोरानं बजावून सांगितलं होतं.

जपलं हो, फार जपलं. खंडेनवमीला आमच्याकडे लोखंडाची पूजा असते. डेपोत असताना हे अख्खी बस धुऊन तिला हार घालायचे. निवृत्तीनंतर ती सगळी हौस घरावर निघते. विळी, अडकित्ता, कात्री, शिलाई मशीन, मिक्सर, कुणाचीही सुटका नाही. यंदा गाडीची हत्यारंही पाटावर आली. जॅक, पाना आणि मधोमध ती चावी. नक्षी बघून ह्यांना तिचं भारी कौतुक वाटलं. "हिच्यात सगळ्या गाडीचा जीव हाय," म्हणाले, आणि हळदीकुंकू नुसतं वरून न वाहता पाण्यात कालवून नक्षीत गच्च भरलं. वर अक्षता दाबल्या. दुसऱ्या दिवशी चावी फडक्यात गुंडाळून गाडीत परत ठेवली. अति तिथं माती म्हणतात, आमच्याकडे हळद.

हुरड्याचं बोलावणं वळसंगहून आलं, माझ्या धाकट्या भावाकडून. त्यानं फोनवर ह्यांनाच धरलं. "दाजी, औंदा ज्वारी लई झकास हाय. अक्का गाडी चालवती म्हणं, मंग तुमी यायलाच पायजे." ह्यांना नाही म्हणता येईना. मेहुण्याचा मान मोडायचा नाही, हे आमच्याकडचं पक्कं. सकाळी टोपी घालून पुढच्या सीटवर येऊन बसले. मी खूश झाले, पण खुशी होटगी नाक्यापर्यंतच टिकली.

कारण माणूस बसला होता शेजारी, पण गाडी तोच चालवत होता. "क्लच." "हॉर्न दे की." "त्या म्हशीला जाऊ दे." त्यांचा उजवा पाय सारखा खाली दाबला जात होता. पायाखाली ब्रेक असता तर आम्ही संध्याकाळपर्यंत पोचलो नसतो. मी मूग गिळून चालवत होते. मनात म्हणत होते, एवढी एक फेरी नीट होऊ दे, मग गाडी माझी.

वळसंग जवळ आलं. समोरून उसानं भरलेला ट्रॅक्टर आला, मागे दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर लोंबतोय. हे एकदम ओरडले, "डावीकडं घे! घे, रिकामं हाय!" रिकामं नव्हतं. कडेला फुटका धारदार दगड होता, मला दिसला होता. मी जरा थांबले असते तर ट्रॅक्टर आरामात निघून गेला असता. पण स्टिअरिंग माझ्या हातात असलं तरी हुकूम त्यांचा होता. तीस-पस्तीस वर्षांची सवय, हात आपोआप डावीकडे वळले. खाट असा आवाज झाला आणि गाडी एका बाजूला बसली.

खाली उतरून बघितलं. खिळा असता तर टायर जागेवरच दुरुस्त झाला असता. पण हा बाजूनं फाटला होता, चाक बदलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. ह्यांनी वाकून चाक पाहिलं, मग मान पूर्ण वळवून मागचा दगड पाहिला. बराच वेळ पाहिला. बाजूचं त्यांना मान वळवल्याशिवाय दिसत नाही, हे मला ठाऊक होतं. आता ते त्यांनाही लख्ख कळलं होतं. माझ्या जिभेवर आलेलं मी तिथंच गिळलं. एरवी मी अशी संधी सोडत नाही.

"सर बाजूला," म्हणाले आणि बाह्या सरसावल्या. चाक बदलणं हा त्यांच्या हातचा मळ. आधी बोल्ट ढिले करायचे, मग जॅक लावायचा. चार बोल्ट भराभर सैल केले, चेहऱ्यावर जरा रंग आला. मग चावीचं फडकं सोडलं, आणि तिथं माशी शिंकली. हळदकुंकू वाळून नक्षीत दगड झालं होतं. चावी बोल्टवर बसेचना.

मी केसातली पिन काढून दिली. "हिनं खरवडा."

"पूजेचं हाय ते. खरवडायचं न्हाय."

"मग पाणी घालते, भिजेल जरा."

"काय गरज न्हाय. बसती बघ."

रस्त्याकडेचा एक गोटा उचलून त्यांनी चावी ठोकली. ती अर्धीमुर्धी बसली. मग पाना लावून त्यावर पाय दिला. एकदम कडकन आवाज झाला, चावी निसटली आणि हे धुळीत बसले. उठवून बघते तो चावीच्या नक्षीचे दोन दात मोडलेले आणि बोल्टवरचं फूल पार घासून गुळगुळीत झालेलं. आता चावी होती तरी नसल्यासारखी. चाक फाटलेलं, आणि त्याला कुलूप.

हे दगडावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. तेवढ्यात माझा फोन वाजला, मुलाचा. उचलला नाही तर तो मामाला लावणार, उचलला तर भानगड उघडी पडणार, आणि मी तर भानगड झाली नाही तरच गाडी माझी या अटीवर होते. माझा फोन ह्यांनीच हातातून घेतला. मला वाटलं, संपलं.

"व्हय, बोल. न्हाय, अजून पोचलो न्हाय. वाटंत थांबलोय जरा. तुझ्या आईला दम खाऊ दे की." आणि फोन ठेवून दिला. दम मी खात नव्हते.

मग त्यांनीच भावाला फोन केला. थोड्या वेळात भाऊ मोटारसायकलवर आला, मागे गावातला ट्रॅक्टरचा मिस्त्री आणि त्याच्या मांडीवर हत्यारांची पिशवी. मिस्त्रीनं बोल्टला बोट लावलं, बोटाकडे बघितलं. "ह्येला हळद कुणी लावली? लगीन हाय काय बोल्टाचं?" भाऊ तोंड फिरवून हसला. मला वाटलं हे भडकणार. पण हे म्हणाले, "लगीन झालं, आता सोडचिट्टी कशी द्याची ते बघ."

मिस्त्रीनं पिशवीतून एक जुना, आतून पोकळ गोल पाना काढला, बोल्टच्या डोक्यापेक्षा किंचित लहान. तो डोक्यावर धरून घणानं ठोकत ठोकत घट्ट बसवला. चकचकीत चाकाचे दोन-तीन टवके उडाले, पोराची हौस थोडी खरवडली. पाना असा चावून बसला की हलेना. मग त्याला दांडा आणि दांड्याला लांब पाइप लावला. भावानं पाइपवर जोर लावला, मिस्त्रीनं लावला, दोघांनी मिळून लावला. बोल्ट जागचा हलला नाही. सगळ्यांच्या नाकी नऊ आले. मिस्त्री घाम पुसत म्हणाला, "वजन पायजे हो. हातानं न्हाय जमायचं, उभं ऱ्हायला पायजे कुनीतरी. जड मानूस पायजे."

भावानं आभाळाकडे बघितलं. मिस्त्रीनं पाइपाकडे बघितलं. आमचे हे फाटक्या अंगाचे, भाऊ ह्यांच्याहून बारीक, आणि मिस्त्री म्हणजे हाडांचा सापळा. मीच म्हटलं, "लाजता कशाला? सांगा की, अक्का चढ."

साडी खोचली, चपला काढल्या. एक हात भावाच्या खांद्यावर, दुसरा ह्यांच्या. एक पाय पाइपवर ठेवला, मग दुसरा. क्षणभर काहीच झालं नाही. हे माझा हात घट्ट धरून हळूच म्हणाले, "जोर दे. मी धरलंय." मी सगळी उभी राहिले, आणि बोल्ट असा ओरडला की बांधावरच्या शेळ्या पळाल्या. पाइप खाली गेला, मीही गेले, पण दोघांनी मला पडू दिलं नाही. बोल्ट सुटला होता. मी रस्त्यावरच हसत बसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. इतकी वर्षं ज्या वजनाबद्दल बोलणी खाल्ली, त्याचा त्या दिवशी मला मनापासून अभिमान वाटला.

स्टेपनी चढवली, चार बोल्ट आवळले. मिस्त्री म्हणाला, गावापर्यंत दमानं न्या, पाचवा तिथं साधा बसवतो, आणि बाकी तीन चाकांचे कुलपाचे बोल्टही असेच काढून टाकू. हे पुढे बसले. गाडी सुरू केली. रस्त्यावर मेंढ्या आडव्या आल्या तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलं, सवयीनं, हुकुमाची वाट बघत. ते समोर बघत म्हणाले, "माझ्याकडं काय बघतीस? तुला दिसतंय की." बाकी वाटभर ते काही बोलले नाहीत. पायही हलला नाही.

हुरडा खरंच झकास होता. गरम कणसं चोळून, शेंगाचटणीबरोबर मुठी मुठी खाल्ला. तिथं ह्यांनी सगळ्यांना पाइपवर चढल्याची गोष्ट रंगवून सांगितली. पाचव्यांदा सांगितली तेव्हा माझं वजन दुप्पट झालं होतं.

संध्याकाळी घरी आलो आणि मुलाचा फोन आला. मी स्वयंपाकघरात, हे बाहेरच्या खोलीत. फोन स्पीकरवर, कारण ह्यांना तसाच लागतो. मुलगा म्हणाला, मामाकडून सगळं कळलं, टायर फाटला, बोल्ट मोडला. मग जरा चाचरत म्हणाला, "बाबा, एक गिऱ्हाईक आलंय गाडीला. बघू का?"

मी भांडं हातात धरून उभी राहिले. अट मीच कबूल केली होती. भानगड झाली होती.

"टायर माझ्यापायी फाटला," हे म्हणाले. "मला दगड दिसला न्हाय. बाजूचं मला दिसत न्हाय आता." एवढं सरळ त्यांनी डॉक्टरांनाही कधी सांगितलं नव्हतं. "बोल्ट बी मीच मोडला. तुझ्या आईनं सोडवला."

"ते ठीक आहे हो. पण तुम्हाला आता चालवता येत नाही, मग गाडी ठेवून करायचं काय?"

"विकायची न्हाय," हे म्हणाले. "घरात ड्रायव्हर हाय की."