सोजरचा टाका

"हे तुमीच जाळा, मावशी. आमच्या चुलीत नको." गंगूच्या आजीनं दुपटं माझ्या ओसरीवर फेकलं आणि चार पावलं मागं सरली.

मी बेंबळीत वाकळा शिवून पोट भरत होते. निजामाचं राज्य होतं. लढाईमुळं नवं कापड मिळेना, म्हणून बाया दुपारच्या पोरींना माझ्याकडं शिकायला पाठवायच्या. पोरीला मी आधी दुपटंच द्यायची. जुन्या लुगड्याचे थर लावायचे, कडेपासून धावदोरा घालायचा, म्हणजे सुई नुसती खाली-वर करायची, आणि फेऱ्या घेत घेत मधे यायचं.

गंगूची आई सोजर धाकट्या पोराच्या बाळंतपणात गेली होती. अशा बाईचं लुगडं आमच्याकडं घरात ठेवत नाहीत. गंगूनं आईचं एक लुगडं कडब्यात दडवलं आणि त्याचंच भावासाठी दुपटं शिवायला घेतलं. ते पोर सारखं रडायचं. दूध पोटात ठरत नव्हतं. पार वाळून गेलं होतं.

"तिला लेकरू न्यायचंय," म्हातारी म्हणाली. "टाके बघा म्हंजी कळंल."

मी बघितले. कडेच्या दोन फेऱ्या गंगूच्या, लांब-आखूड. तिथून पुढं, जवळजवळ मधापर्यंत, राळ्याच्या दाण्याएवढे टाके, सगळे उलट्या अंगाला कललेले. सोजर डावखुरी होती. एका वाकळीवर आम्ही दोघी समोरासमोर कितीदा बसलो होतो. तिचा टाका मी अंधारात बोटानं ओळखला असता.

गंगूला बोलावलं. "कुणी शिवलं गं?"

"म्याच."

"खोटं बोलू नकोस."

"म्याच शिवलं, मावशी. हात आपसूक चालला."

समोर बसवून शिवायला लावलं. तिनं शिवलं ते उजव्या हातानं, वेडंवाकडं.

चुकलेला टाका उसवायचा, हा माझा शिरस्ता. कललेल्या सगळ्या फेऱ्या मी उसवल्या आणि दुपटं खुंटीला टांगलं. म्हातारी म्हणाली, पोरीला देवीच्या पायावर घालून आणा. सकाळी घराला कुलूप लावलं, किल्ली कनवटीला खोचली आणि गंगूला घेऊन बैलगाडीनं तुळजापूरला गेले. तिथंच मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी परत आले. कुलूप होतं तसंच होतं. दुपटंही खुंटीलाच होतं. उसवलेल्या सगळ्या फेऱ्या पुन्हा घातलेल्या, तशाच कललेल्या. मधे तळहाताएवढी जागा तेवढी कोरी, आणि तिथं दोऱ्यासकट सुई लोंबत होती.

गंगूनं बघितलं. घाबरली नाही. "आईनं माझ्यापुरतं ठेवलंय," म्हणाली. खाली बसून तिनं आपल्या वाकड्या टाक्यांनी मधली जागा भरली आणि दोऱ्याला गाठ मारली. मी आडवी आले नाही.

मग तिच्या घरी गेलो. म्हातारी दारात आडवी आली. "त्यात गुंडाळलं तर मरंल!"

"तसंबी मरायलाच लागलंय की," मी म्हणाले. "बाजूला व्हा."

गंगूनं भावाला गुंडाळलं. रडणं एकदम थांबलं. म्हातारीनं हंबरडा फोडला. मी पोराच्या नाकाशी बोट धरलं. ऊन श्वास लागला. झोपलं होतं. उठलं ते भूक लागून. दूध प्यालं, आणि ते पोटात राहिलं.

पोर जगलं. पुढं वाढलं, शेतीला लागलं.

गंगूमागून लई पोरी शिकवल्या. टाका चुकला की अजूनही उसवायला लावते. पण मी हात लावत नाही. ज्या पोरीचा टाका, तिनंच उसवायचा.