शेजाऱ्याचं ताट

मंडळी, आज सकाळी आमच्या मिशनच्या मुलांच्या शाळेत पालकसभा होती. मी तिथे बरीच वर्षं इतिहास शिकवला, म्हणून मलाही बोलावलं होतं.

या शाळेत सगळी मुलं दुपारी एका पंगतीत जेवतात आणि प्रत्येकजण आपल्या उजवीकडे बसलेल्याचं ताट घासतो. शाळा निघाली तेव्हा गावातली मुलं आदिवासी मुलांशेजारी बसेनात. म्हणून पहिल्या फादरांनी ही रीत घातली.

आज काही पालकांनी ती बंद करा म्हटलं. देवळीचा एक पालक, माझाच जुना विद्यार्थी, तावातावानं उठला. "मॅडम, माह्या पोरानं दुसऱ्याचं उष्टं काऊन घासावं?"

"तू शाळेत असताना तुझं ताट कोण घासायचं रे?"

"कोलाम आदिवासींचा गणपत."

"तेव्हा बरं चाललं तुले!"

सभा हसली. तो खाली बसला, पण मागणी मागे घेतली नाही. फादर म्हणाले, निर्णय सोमवारी जेवणानंतर घेऊ.

सोमवारी मी त्या पंगतीत जेवायला बसणार आहे. ज्यांना या कामात कमीपणा वाटतो, त्यांनी माझ्या उजव्या हाताला बसावं. त्यांचं ताट मी घासेन.

कोण येतंय?